वाचक विचारतात : व्हीएचं कार्ड, एजंट ऑरेंज आणि चार तासांवरचं हॉस्पिटल

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते की साउथ टेक्सासमध्ये माझ्याकडे येणाऱ्या माजी सैनिकांत बहुतेक जण मेक्सिकन-अमेरिकन असतात, आणि त्यावर इतक्या मेल आल्या की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिला. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, सोशल वर्कर आहे. कुठली गोळी घ्यायची ते मला विचारू नका, कुठला फॉर्म आणि कुठली खिडकी ते विचारा. आणि ‘व्हीए’ म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं, १७० च्या वर हॉस्पिटलं आणि हजाराच्या वर क्लिनिकं चालवणारं, हे एकदाच सांगून ठेवते म्हणजे दर उत्तरात सांगायला नको.

प्रश्न (एक आई, कोथरूड) : माझी मुलगी मॅकॲलनला असते. जावई मेक्सिकन-अमेरिकन, मरीनमध्ये होते, अफगाणिस्तानला जाऊन आले. पाठ आणि गुडघे गेलेत. मोठी तपासणी असली की सॅन अँटोनियोला चार तास गाडी चालवत जातात आणि तसेच परत येतात. एवढ्या श्रीमंत देशात सैनिकाला जवळ हॉस्पिटल नाही का? मुलगी म्हणते आई तू यात पडू नकोस.

उत्तर : ताई, खुशाल पडा, कारण तुम्ही जे विचारताय तेच तिथले लोक कित्येक वर्षं विचारतायत. मॅकॲलन, एडिनबर्ग, हार्लिंजन, ब्राउन्सव्हिल हा सगळा पट्टा म्हणजे रिओ ग्रांडे व्हॅली, नदीपलीकडे मेक्सिको, वस्ती तेरा लाखांच्या पुढे आणि दहातले नऊ जण हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या मुळांचे. इथे घराघरात कुणीतरी फौजेत गेलेलं असतं, आजोबा कोरियाला, काका व्हिएतनामला, नातू इराकला. जावयांच्या शेजारच्याच एडिनबर्गचा अल्फ्रेडो गोन्झालेस हा मरीन १९६८ मध्ये व्हिएतनाममधल्या ह्यूच्या लढाईत गेला, त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, म्हणजे तिथलं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं, त्याच्या नावाची युद्धनौका आहे. नौका आहे पण पेशंटला रात्रभर ॲडमिट करून घेणारं व्हीएचं स्वतःचं हॉस्पिटल व्हॅलीत नाही! हार्लिंजनला मोठं केंद्र आहे, तिथे त्याच दिवशी घरी सोडतात अशी ऑपरेशनं होतात, मॅकॲलनला क्लिनिक आहे, पण त्यापुढचं काही निघालं की एकतर स्थानिक खाजगी हॉस्पिटल नाहीतर सॅन अँटोनियोचं ऑडी मर्फी हॉस्पिटल, म्हणजे अंदाजे २४० मैल.

आता कामाचं. २०१८ च्या मिशन ॲक्ट या कायद्यानुसार स्पेशालिस्टसाठी सरासरी ६० मिनिटांहून जास्त ड्रायव्हिंग पडत असेल, किंवा अपॉइंटमेंट २८ दिवसांत मिळत नसेल, तर व्हीएच्या पैशाने बाहेरच्या डॉक्टरकडे जाता येतं. साध्या डॉक्टरसाठी आणि मानसिक उपचारासाठी हीच मर्यादा ३० मिनिटं आणि २० दिवस. याला कम्युनिटी केअर म्हणतात. जावयांनी आपल्या व्हीएच्या डॉक्टरला सरळ विचारायचं की मी यात बसतो का, कारण आपणहून कुणी सांगेलच असं नाही. आणि व्हीएची मंजुरी हातात आल्याशिवाय बाहेर जायचं नाही, नाहीतर बिल आपल्या अंगावर येतं. मध्यरात्री छातीत दुखलं तर अर्थात जवळच्या इमर्जन्सीत जायचं, फक्त ७२ तासांच्या आत व्हीएला कळवायचं, हे त्या हॉस्पिटलनेच कळवलं तरी चालतं पण कळवलंय ना ते मुलीने फोन करून बघावं.

यातली मेख अशी की कायद्याने बाहेर जायची मुभा दिली तरी बाहेर डॉक्टर असायला हवा ना. व्हॅलीत स्पेशालिस्ट मुळातच कमी, त्यामुळे काही लोक शेवटी सॅन अँटोनियोचाच रस्ता धरतात. तसं जावं लागलं तर प्रवासखर्च मागा. मैलाला ४१.५ सेंट मिळतात, जाऊन-येऊन ४८० मैलांचे दोनशे डॉलरच्या आसपास होतात, त्यातून थोडी कपात असते. ३० टक्के किंवा त्याहून जास्त डिसॅबिलिटी रेटिंग, म्हणजे व्हीएने ठरवलेली अपंगत्वाची टक्केवारी, असेल, किंवा नोकरीतूनच झालेल्या दुखण्यासाठी जात असतील, किंवा उत्पन्न कमी असेल तर हे मिळतं. अर्ज ३० दिवसांच्या आत. कितीतरी जण हा अर्जच करत नाहीत, पेट्रोलसाठी सरकारपुढे कुठे हात पसरायचा म्हणतात, मला याचा खरंच राग येतो.

त्या रस्त्याबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॅकॲलनहून २८१ नंबरच्या हायवेने वर गेलं की फॅलफ्युरियसला बॉर्डर पेट्रोलचा नाका लागतो, तिथे गाडीतल्या प्रत्येकाला नागरिकत्व विचारतात. नवरा माजी सैनिक पण बायकोचे किंवा सासूचे कागद नाहीत अशी घरं व्हॅलीत आहेत, त्यांना ऑपरेशनच्या दिवशी सोबत जाता येत नाही. त्याच रस्त्यावर पुढे थ्री रिव्हर्स नावाचं गाव येतं. १९४५ मध्ये फिलिपिन्समध्ये मारला गेलेला फेलिक्स लोंगोरिया तिथला. १९४९ मध्ये त्याचे अवशेष घरी आणायचे ठरले तेव्हा गावातल्या अंत्यविधीवाल्याने आपला चॅपल द्यायला नकार दिला, गोऱ्यांना आवडणार नाही म्हणून. कॉर्पस क्रिस्टीचे डॉ. हेक्टर गार्सिया यांनी आदल्याच वर्षी, १९४८ मध्ये, अमेरिकन जीआय फोरम ही संघटना काढली होती, मेक्सिकन-अमेरिकन सैनिकांना युद्धाहून परत आल्यावर उपचार आणि हक्काचे पैसे मिळेनात म्हणून. त्यांनी आवाज उठवला, तेव्हाचे सिनेटर लिंडन जॉन्सन मधे पडले आणि लोंगोरियाचं दफन आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत झालं. ती संघटना अजून चालू आहे.

प्रश्न (आयटीत काम करणारा वाचक, सॅन अँटोनियो) : आमच्या शेजारी एक मेक्सिकन-अमेरिकन आजोबा राहतात, पंचाहत्तरी उलटलेले, व्हिएतनामला होते. डायबेटीस जुना आहे, आता पायाचं बोट काळं पडत चाललंय. व्हीएला जा म्हटलं की म्हणतात मला कुठे गोळी लागली, ते ज्यांचे हातपाय गेले त्यांच्यासाठी आहे. मी काय करू?

उत्तर : आधी बोट! काळं पडलेलं बोट घेऊन फॉर्म भरत बसायचं नसतं, आजच्या आज इमर्जन्सीत न्या आणि मग पुढचं वाचा. हिस्पॅनिक लोकांत डायबेटीसमुळे पाय कापावा लागण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे आणि त्यातले कितीतरी पाय वेळेवर दाखवले असते तर वाचले असते.

आता ‘मला गोळी लागली नाही’ या वाक्याबद्दल. १९६२ ते १९७१ अमेरिकेने व्हिएतनामच्या जंगलांवर एजंट ऑरेंज आणि तसली तणनाशकं फवारली. जो सैनिक त्या काळात व्हिएतनाममध्ये होता त्याला नंतर टाइप २ डायबेटीस झाला तर तो त्या फवारणीमुळेच झाला असं व्हीए धरून चालतं. आजोबांना हे सिद्ध करायचं नाहीये की मी अमुक दिवशी अमुक झाडाखाली उभा होतो, फक्त तिथे होतो हे कागदावर दिसलं पाहिजे आणि डायबेटीसचं निदान पाहिजे. २०२२ च्या पॅक्ट ॲक्ट या कायद्याने या यादीत ब्लड प्रेशरही घातलं, त्यामुळे ते असेल तर तेही लिहा. डायबेटीसमुळे किडनी, डोळे, पायांच्या नसा बिघडल्या असतील तर त्यांचा क्लेम वेगवेगळा जोडता येतो. म्हणजे ज्या माणसाला सरकार आपलं काहीच देणं लागत नाही असं वाटतं त्याला दरमहा भरपाई आणि मोफत उपचार दोन्ही मिळू शकतात, पन्नास वर्षं उशिराने.

करायचं काय तर डीडी-२१४ शोधा, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेला कागद. मग काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसरकडे घेऊन जा, प्रत्येक मोठ्या काउंटीत असतो, फुकट. किंवा अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांकडे, तेही फुकट. पहिल्या क्लेमसाठी पैसे मागणारा जो कोणी असेल, इंग्लिशमध्ये मागो की गोड स्पॅनिशमध्ये, त्याला दारातूनच परत पाठवा, कायद्याने पहिल्या क्लेमची फी घेताच येत नाही. आणि कागद जमायला वेळ लागणार असेल तर आधी ‘इंटेंट टू फाइल’ करून ठेवा, त्याने वर्षभर तारीख राखून राहते, पैसे त्या तारखेपासून धरतात.

इन्सुलिनचं म्हणाल तर आजोबा बहुतेक म्हणतील ते नको, त्याने डोळे जातात. ही समजूत त्या समाजात फार जुनी आहे, कारण इन्सुलिन अगदी शेवटी सुरू व्हायचं आणि तोवर डोळे आधीच गेलेले असायचे, दोष मात्र सुईवर. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे, ‘इन्सुलिनवर गेले’ हे आपणही ‘व्हेंटिलेटरवर गेले’च्या सुरात सांगतो. आणि टॉर्टिया बंद करा असं त्यांना चुकूनही सांगू नका. आपल्या घरातल्या म्हाताऱ्याला भाकरी बंद म्हटलं तर तो डॉक्टर बदलतो, भाकरी नाही. किती खायच्या एवढंच बोला, बाकी व्हीएची आहारतज्ज्ञ बघेल.

प्रश्न (नागपूरची डॉक्टर, सध्या अमेरिकेत रेसिडेन्सी) : माझी पोस्टिंग व्हीएच्या हॉस्पिटलमध्ये लागली आहे. हिस्पॅनिक पेशंट, विशेषतः साठीच्या पुढचे, काही विचारलं की ‘सगळं ठीक’ म्हणतात. बायको किंवा मुलगी बाजूला बसून उत्तरं देते. पीटीएसडीचा (युद्धासारख्या आघातानंतरचा मानसिक आजार) संशय येतो पण पुढे जाता येत नाही.

उत्तर : तुझा संशय बिनबुडाचा नाही. व्हिएतनाममध्ये लढलेल्यांची राष्ट्रीय पाहणी १९८० च्या दशकात झाली, त्यात पुरुषांपैकी हिस्पॅनिक सैनिकांत २७.९ टक्क्यांना त्या वेळी पीटीएसडी होता, काळ्यांमध्ये २०.६ आणि गोऱ्या व इतरांत १३.७ टक्के. म्हणजे गोऱ्यांच्या दुप्पट. नंतरच्या अभ्यासकांनी हा फरक उकलून बघितला तर बराचसा भाग असा निघाला की ही पोरं तिकडे गेली तेव्हा वयाने लहान होती, शाळा कमी झालेली. हे लक्षात ठेव, कारण ‘त्यांची संस्कृतीच तशी, पुरुष बोलत नाहीत’ असं एका फटक्यात सांगणारे सिनियर तुला भेटतील. न बोलणं असतंच, नाही कशाला म्हणू, पण मराठी बाप तरी कुठे बोलतो.

पहिली गोष्ट, मुलीला दुभाषी करू नकोस. व्हीएमध्ये दुभाषी फुकट मिळतो, फोनवर किंवा व्हिडिओवर, मागायचा. बापाने मुलीच्या तोंडून ‘मला रात्री माणसं मेलेली दिसतात’ असं कसं सांगायचं? कित्येकांचं इंग्लिश तुझ्यामाझ्याइतकं चांगलं असतं, फौजेत इंग्लिशच बोललेत, पण आईच्या मरणाबद्दल किंवा भीतीबद्दल बोलायची वेळ आली की स्पॅनिश बाहेर येतं. त्यामुळे ‘इंग्लिश येतं का’ असं विचारू नकोस, ‘आज कुठल्या भाषेत बोलूया’ असं विचार.

दुसरं म्हणजे झोपेपासून सुरू कर. किती वाजता झोपता, मधे उठलात तर काय करता, दारं परत परत तपासता का, बायको दुसऱ्या खोलीत का झोपते. झोपेबद्दल बोलायला कुणाला लाज वाटत नाही. मग बिअर किती, मग बाकीचं. पोटदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड घेऊन येतात तेव्हा तपासण्या कर, पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून फाइल बंद करू नकोस.

बायकोला हाकलूही नकोस. औषध वेळेवर देणारी तीच, अपॉइंटमेंट लक्षात ठेवणारी तीच, आणि चाळीस वर्षं तिनेही झोप काढलेली नाही. दहा मिनिटं पेशंट एकटा, मग तिला आत बोलाव. त्यांना व्हेट सेंटरची माहिती दे. १९७९ पासून ही वेगळी छोटी केंद्रं आहेत, हॉस्पिटलच्या बाहेर, युद्धावर जाऊन आलेल्यांना आणि घरच्यांना मोफत समुपदेशन, व्हीएमध्ये नाव नोंदवलेलं नसलं तरी चालतं, आणि तिथले बरेच समुपदेशक स्वतः माजी सैनिक असतात. हॉस्पिटलच्या ‘मेंटल हेल्थ’ पाटीखाली न बसणारा माणूस तिथे कॉफी प्यायला जातो आणि मग बोलतो.

आत्महत्येचा विचार येतो का हे स्पष्ट शब्दांत विचार, विचारल्याने डोक्यात शिरत नाही. अशा वेळच्या मदतीसाठी फोनवर ९८८ लावून १ दाबायचं, हे कागदावर लिहून दे. घरात बंदूक आहे का विचार, टेक्सासमध्ये असतेच, व्हीए तिचं कुलूप फुकट देतं. आणि जानेवारी २०२३ पासून असा नियम आहे की आत्महत्येच्या टोकावर आलेल्या माजी सैनिकाला, व्हीएमध्ये नाव नसलं तरी, इमर्जन्सी उपचार मोफत. ३० दिवसांपर्यंत ॲडमिट, ९० दिवसांपर्यंत बाहेरून.

प्रश्न (निवृत्त सुभेदार, सातारा) : आम्हाला ईसीएचएस (आपल्या माजी सैनिकांची आरोग्य योजना) आहे, पॉलिक्लिनिकला रेफरल घ्यायला जावं लागतं. अमेरिकेत सैनिकाला सगळं फुकट असं ऐकतो. खरं काय?

उत्तर : साहेब, नमस्कार. अर्धं खरं. ईसीएचएस २००३ ला सुरू झाली, तुम्ही एकदा वर्गणी भरता आणि त्यात तुमच्या मिसेसही येतात. व्हीएला वर्गणी नाही, पण ते मुख्यतः सैनिकापुरतंच, बायकोला नाही. बायकोला मिळतं ते ठरावीक परिस्थितीत, उदाहरणार्थ नवरा कायमचा पूर्ण अपंग ठरला तर, आणि ती योजना वेगळी. वीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्यांना आणखी तिसरीच योजना. इथे गोंधळ एवढा आहे की स्वतः सैनिकांनाच आपण कशात बसतो ते कळत नाही.

दुसरं, १९८० नंतर भरती झालेल्याला साधारणपणे २४ महिने सलग नोकरी लागते, सुटण्याचा शेरा चांगला लागतो, आणि मग १ ते ८ अशा गटांत टाकतात. ५० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले पहिल्या गटात, त्यांना खरंच काही भरावं लागत नाही. आठव्या गटात चांगलं उत्पन्न असलेले, त्यातल्या काहींना तर नावच नोंदवता येत नाही. रेफरलची रांग मात्र दोन्हीकडे सारखीच, त्याबाबतीत सातारा आणि सॅन अँटोनियो सख्खे भाऊ.

प्रश्न (विद्यार्थिनी, ह्यूस्टन) : माझी रूममेट लॅटिना आहे, आर्मीत होती. तिथे तिच्यावर सिनियरने जबरदस्ती केली, तिने तेव्हा तक्रार केली नव्हती. आता उपचार मिळतील?

उत्तर : मिळतील. तक्रार केलेली नसली, पुरावा नसला, डिसॅबिलिटी रेटिंग नसलं तरी त्या घटनेशी संबंधित शारीरिक-मानसिक उपचार व्हीए मोफत देतं, बाकी उपचारांना अपात्र असलेल्यांनाही कित्येकदा. प्रत्येक व्हीए हॉस्पिटलमध्ये यासाठी एक एमएसटी (फौजेत झालेला लैंगिक अत्याचार) कोऑर्डिनेटर असते, फोन करून तेवढंच म्हणायचं, गोष्ट सांगायची गरज नाही. डॉक्टर बाईच हवी असंही मागता येतं. २०२० मध्ये फोर्ट हूडला व्हनेसा गियेन या ह्यूस्टनच्याच मुलीचा खून झाला, छळ होतोय असं तिने घरी सांगितलं होतं, त्यानंतर तक्रारीचे कायदे बदलले. तुझ्या मैत्रिणीला हे नाव माहीत असेलच. तू फक्त सोबत जा.

प्रश्न (कायद्याचा विद्यार्थी, पुणे) : अमेरिकेच्या सैन्यात लढलेल्या माणसांनाच अमेरिकेने देशाबाहेर काढलं असं वाचलं. त्यांच्या औषधपाण्याचं काय होतं?

उत्तर : हो, काढलंय. ग्रीन कार्डवर फौजेत जाता येतं, नागरिकत्वासाठी मात्र वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो बऱ्याच जणांनी केलाच नाही, शपथ घेतली म्हणजे आपण झालो अमेरिकन असं वाटलं. १९९६ च्या कायद्याने हद्दपारीला पात्र गुन्ह्यांची यादी खूप वाढवली, मग युद्धाहून आलेला, झोप नाही, दारू किंवा ड्रग्ज, त्यातून केस, शिक्षा भोगून बाहेर आला की थेट सीमेपलीकडे. मेक्सिकोत सीमेवरच्या तिहुआनामध्ये अशा माजी सैनिकांचं एक घर आहे, ‘बंकर’ म्हणतात त्याला, ते सुरू करणारे हेक्टर बराहास स्वतः हद्दपार झालेले पॅराट्रूपर, त्यांना २०१८ मध्ये नागरिकत्व मिळून ते परत गेले.

भरपाईचा हक्क हद्दपारीने आपोआप जात नाही, हे तिथल्या कित्येकांना माहीतच नसतं. परदेशात राहणाऱ्याला नोकरीतून झालेल्या दुखण्याचा खर्च ‘फॉरेन मेडिकल प्रोग्रॅम’मधून मिळतो. पण आधी ते दुखणं नोकरीमुळे झालं हे मंजूर व्हायला हवं, त्यासाठी तपासणी हवी, आणि व्हीएचं अमेरिकेबाहेरचं एकमेव क्लिनिक फिलिपिन्समध्ये मनिलाला आहे, मेक्सिकोत नाही. तिहुआनातून सॅन डिएगोचं व्हीए हॉस्पिटल तसं जवळ, पण मधे सीमा. २०२१ मध्ये अशांना परत यायला मदत करण्यासाठी सरकारने एक उपक्रम सुरू केला, त्यातून काही जण आलेही. माझं स्पष्ट मत आहे की भरतीच्या कार्यालयात सही घेतानाच नागरिकत्वाचा अर्ज पुढ्यात ठेवला असता तर यातलं बरंचसं झालंच नसतं. तू यावर प्रोजेक्ट करणार असशील तर १९९६ च्या कायद्यापासून सुरू कर.

प्रश्न (होम केअरमध्ये काम करणारी वाचक, ऑरलँडो) : माझे एक पेशंट पोर्तोरिकन आहेत, नव्वदीच्या पुढचे, कोरियाला लढलेले. पाय सतत बधिर आणि गार पडतात. मुलगा म्हणतो व्हीएने सांगितलं रेकॉर्ड सापडत नाही.

उत्तर : रेकॉर्ड सापडत नाही कारण ते बहुतेक जळलंय. जुलै १९७३ मध्ये सेंट लुइसच्या सरकारी रेकॉर्ड केंद्राला आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात आर्मीतून सुटलेल्यांच्या ८० टक्के फायली गेल्या. कोरियाला लढलेली पोर्तोरिकोची ६५ वी इन्फंट्री म्हणजे आर्मीच, तेव्हा त्या आजोबांची फाइल त्यातच असणार. पण ‘नाही’ म्हणजे संपलं असं नसतं, व्हीएला अशा वेळी जास्त मदत करावी लागते. फॉर्म १३०५५ भरा, त्यावरून पगाराच्या नोंदी, युनिटचे रिपोर्ट, हॉस्पिटलच्या याद्या यातून फाइल परत उभी करायचा प्रयत्न करतात. घरात जुने फोटो, पत्रं, मेडलं, चर्चचे किंवा मोहल्ल्यातले कागद, काहीही असेल ते जोडा. युनिटचं नाव, तारखा, हिवाळ्यात कुठे होते हे आजोबांकडून स्पॅनिशमध्ये सांगून घ्या आणि मुलाला लिहून घ्यायला लावा, लवकर.

पायांचं सांगायचं तर डिसेंबर १९५० मध्ये ही रेजिमेंट उत्तर कोरियात हंगनामहून माघार घेणाऱ्या सैन्याची पाठराखण करत होती, आणि कॅरिबियन बेटावरची ही पोरं त्या कडाक्यात बर्फात उभी होती. थंडीने गोठलेले पाय तेव्हा बरे झाले असं वाटतं आणि म्हातारपणी परत दगा देतात, बधिरपणा, दुखणं, नखं खराब, जुन्या जखमेच्या जागी कातडीचा कॅन्सरसुद्धा. व्हीए याला ‘कोल्ड इंज्युरी’ म्हणून भरपाई देतं. डॉक्टरकडे नेताना ‘वयामुळे असेल’ असं कुणी म्हटलं तर कोरिया आणि थंडी हे दोन शब्द कागदावर लिहून घ्यायला सांगा. या रेजिमेंटला २०१६ मध्ये काँग्रेसचं सुवर्णपदक दिलं गेलं, ते प्रमाणपत्र किंवा फोटो घरात असेल तर तोही अर्जाला जोडून द्या. आणि व्हीएचं मोठं हॉस्पिटल तुमच्या ऑरलँडोतच आहे, लेक नोनाला, चार तासांवर नाही.